कुंकू लावलेली फ्लॉपी

धंतोली, नागपूर
भाऊबीज, १९८६

प्रिय विश्वनाथ,

तुझं पत्र दसऱ्याला आलं आणि मी उत्तर आज देतेय, यावरून धंदा कसा चाललाय ते ओळख! कॉम्प्युटरचा हा उद्योग दिवाळीपर्यंत तगला नाही, तर गाशा गुंडाळून पुण्याला येईन, असं मी तुला म्हटलं होतं. तू देव पाण्यात घालून बसला असशील.

कल्पना साधी होती. व्यापाऱ्यानं एवढं महागडं यंत्र विकत कशाला घ्यावं? माझंच महिन्याच्या भाड्यानं वापरावं. बिलं, पगार सगळं त्यावर. फक्त प्रत्येकाची फ्लॉपी, म्हणजे हिशेब साठवायची ती काळी पातळ चकती, वेगळी. पण आपला हिशेब दुसऱ्याच्या घरी ठेवायचा कसा, ही सगळ्यांना धास्ती. सावनेरचे सरकीवाले रुपराव तेवढे तयार झाले आणि बाकीचे त्यांच्याकडे बघत थांबले. रुपराव सोडून गेले असते तर माझं दुकान बंदच होतं.

लक्ष्मीपूजनाला रुपराव लाह्या-बत्तासे घेऊन हजर! सोबत मजा बघायला चार व्यापारी. मी म्हटलं, यंत्राला पाणी-अक्षता नकोत. त्यावर म्हणाले, "मशीन तुमची, पण हिशेब त माहा हाये ना? मंग पूजा काहून नाही करू?" मी समई सावरतेय तोवर त्यांनी आपल्या फ्लॉपीवर हळद-कुंकू वाहिलं आणि वर पळीभर पाणीही सोडलं.

फ्लॉपी मेली. रुपरावांचा चेहरा बघवेना. पण रोज दुकान बंद करताना मी प्रत्येकाची दुसरी प्रत काढून आईच्या साड्यांच्या कपाटात ठेवते, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं होतं. ती आणून लावली. प्रिंटर करकरला आणि सगळा हिशेब जसाच्या तसा बाहेर आला. रुपराव त्या चौघांकडे वळून म्हणाले, "वही भिजली असती त दुसरी कुठून आणली असती गा?" पाडव्याला चौघंही आपापले हिशेब घेऊन दारात! मी इतकी हसले की आईला वाटलं, पोरीला वेड लागलं.

तर मी पुण्याला येत नाही. पण तेवढं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. मला लग्न तुझ्याशीच करायचंय, आणि लवकर करायचंय. फक्त संसार नागपुरात मांडू. वडिलांना सांगून टाकलंय. त्यांना एवढीच शंका आहे की तुला इथला उन्हाळा सोसेल का. तू नाही म्हणणार असशील तर टपालानं कळवू नकोस, इथं येऊन माझ्या तोंडावर म्हण. ते तुला जमणार नाही, म्हणूनच बोलावतेय.

वाट बघणारी, तुझीच
प्रमोदिनी