कोहमाऱ्याच्या भाऊजींना, तिसऱ्या रांगेबाबत

नवेगाव बांध,
मंडईनंतरचा गुरुवार

तीर्थस्वरूप उदाराम भाऊजी यांना धाकट्या साळ्याचा, म्हणजे विवेकचा, कंबरेत वाकून नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहेत. तिकडे धाबा, तंदूर, पिकअप आणि आपली तब्येत (विशेषतः कंबर, पण कंबरेबद्दल मी काही विचारलेलंच नाही असं समजा) उत्तम असेल अशी खात्री आहे. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेपासून तुमचा फोन नुसता वाजतो आणि व्हॉट्सॲपवरून तुमचा तो पिकअपला टेकून काढलेला फोटोही गायब झाला आहे. ग्राहकानं संपर्क तोडला तर काय करावं, यावर आमच्या अभ्यासक्रमात एक आख्खा धडा आहे. त्यात पत्र लिहावं असं कुठं म्हटलेलं नाही. ती भर माझी, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना ती शिकवली गेली तर मला नवल वाटणार नाही.

तुम्ही रागावून गेलात असं आई म्हणते. मी तसं म्हणत नाही. मी म्हणतो, आमच्या कबड्डी स्पर्धेचा अंतिम सामना व्हायचा राहिला, कारण त्यात खेळणारा कोहमाऱ्याचा संघ तुमच्या पिकअपमध्ये बसून कोहमाऱ्याला परत गेला. आता अंतिम सामन्याशिवाय स्पर्धा पुरी होत नाही, स्पर्धा पुरी झाल्याशिवाय कॉलेजात माझा प्रकल्प धरत नाहीत, आणि प्रकल्पाशिवाय पुण्यातल्या त्या कबड्डी संघाच्या कार्यालयातली नोकरी मिळत नाही. एवढीच काय ती अडचण आहे. घाबरण्यासारखं काही नाही. रविवारी सामना ठेवलाय. तुम्ही संघ घेऊन आलात तर आनंदच आहे, नाही आलात तर माझ्याकडे आणखी दोन योजना तयार आहेत.

खेळाचं एमबीए म्हणजे शिट्टी वाजवायचं शिक्षण, अशी गावात अजून पुष्कळांची समजूत आहे. आमच्या बाबांचीही होती. मी पुण्याला जायचं काढलं तेव्हा ते काय म्हणाले, ते तुम्हाला आठवत असेल: “खेळाले कालेज कायले पायजे बा? खेळ तं वावरातबी होते.” तुम्ही तेव्हा आमच्या ओसरीत सुपारी कातरत बसला होता. मान वर न करता तुम्ही म्हणालात, “जाऊ द्या पोट्ट्याले, मामाजी. खेळून खेळून आमचे गुडघे फुटले. खेळावर पोट कोनाचं भरते, थे तरी शिकून येऊ द्या.” त्या एका वाक्यावर मी पुण्याला गेलो, भाऊजी. (हे मी आजवर तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुमच्यासमोर मला गंभीर बोलताच येत नाही. तुम्ही लगेच पाठीत धपाटा घालता.)

तर स्पर्धेविषयी. दरवर्षी मंडईला आपल्याकडे कबड्डी होते आणि मंडईला आलेले गावचे सगळे जवाई मैदानाच्या कडेला एका लाल जाजमावर बसतात. आमगावचे जवाई, देवरीचे जवाई, साकोलीचे जवाई, सगळे एकाच जाजमावर, पानाचं तबकही एकच. मी हे लहानपणापासून पाहत आलो, पण या वर्षी शिकलेल्या नजरेनं पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं की इथं प्रेक्षकांची काही वर्गवारीच नाही! जगात कुठल्याही मैदानावर सगळे एका जाजमावर बसत नाहीत. जो स्पर्धेला जास्त देतो, तो पुढं बसतो. म्हणून मी जाजम गुंडाळून शेजारच्या पुष्पाबाईंच्या घरी ठेवायला दिलं आणि तीन रांगा केल्या: प्लॅटिनम, गोल्ड आणि सिल्व्हर. भैय्यालाल शेठनं आपल्या दुकानातून मांडव, पडदे आणि लग्नातला नवरानवरीचा मखमली सोफा दिला. साहजिकच त्यांचे जवाई सोफ्यावर, प्लॅटिनममध्ये. ते मागच्या वैशाखातच आपल्या गावचे जवाई झाले, हे मला माहीत होतं. पण भाऊजी, जवाई किती जुना आहे याचा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता.

आणि तुम्ही, सगळ्यांत जुने जवाई, सिल्व्हरमध्ये. तिसऱ्या रांगेत, शाळेच्या हेडमास्तरांच्या लाकडी खुर्चीवर.

आता मला कबूल आहे की निवेदनाला बसवलेल्या मुन्नानं ते लाउडस्पीकरवर वाचायला नको होतं. पण प्रायोजकांची नावं वाच असं मी त्याला सांगितलं होतं आणि मुन्ना एकदा माइक हातात आला की कागद संपेपर्यंत थांबत नाही. “सिल्वर श्रेणी में हमारे कोहमारा के जवाई साहब का हार्दिक स्वागत!” हे आख्ख्या बांधाच्या तलावावर ऐकू गेलं, पाण्यातल्या डोंगेवाल्यांनासुद्धा. तुम्ही उठलात, भर दुपारी उन्हात उभे राहून “गाव लांब आहे, अंधार होईल, निघतो,” म्हणालात आणि गेलात. न जेवता, शामकला ताईला इथंच माहेरी ठेवून. तुमच्यामागं तुमचा संघ गेला, कारण दुसरी गाडी नव्हती. तुम्ही उठलात म्हणून आमगाव उठलं, देवरी उठली, साकोली उठली. शेवटी प्लॅटिनमचे जवाईसुद्धा उठायला निघाले, पण तो सोफा इतका खोल आहे की त्यांना उठताच येईना. दोघांनी दोन हात धरून ओढलं तेव्हा कुठं ते बाहेर आले.

इथून पुढचं तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून नीट सांगतो. मैदान भरलेलं, बायका छतांवर, आणि सामना नाही. आई डोळ्याला पदर लावून बसलेली. बाबा माझ्याकडे असे पाहत होते जणू माझी फी त्यांना आत्ताच आठवली. तेवढ्यात पुष्पाबाई घरून ते लाल जाजम खांद्यावर घेऊन आल्या, कुणाला काही न विचारता थेट कबड्डीच्या मैदानाच्या मधोमध अंथरलं आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “जवायाइले तांदरावानी येगयेगळ्या पोत्यात काऊन भरून रायला रे? गावचे जवाई आहेत थे, कोन्या दुकानातला माल नोहे!” आणि सगळे जवाई, जे नुकतेच घरी निघाले होते, ते मुकाट्यानं परत येऊन जाजमावर बसले. मैदानाच्या मधोमध. आता तिथून त्यांना उठवायची कुणाच्या बापाची हिंमत नव्हती.

अशा वेळी दुसरा कुणी रडला असता. मी माइक घेतला आणि जाहीर केलं की जवाई मैदानात आहेतच, तर आता जवाई विरुद्ध साळे असा सामना होईल! (ही कल्पना जाहीर करताना सुचली की आधी सुचली, ते मलाही सांगता येणार नाही.) भाऊजी, असा सामना नवेगावात झाला नव्हता. पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून जवाई उतरले. साळ्यांना पकड करता येईना, कारण रेषेवर उभ्या सासवा ओरडत होत्या, “हळू धर रे, सणाचा पाहुणा आहे!” साळ्यांनी पाय धरला की पाया पडतोय असं वाटून जवाई सैल पडत. साकोलीचे जवाई तर सवयीनं आशीर्वाद द्यायला थांबले आणि बाद झाले. लोक हसून हसून आडवे झाले. संध्याकाळी दंडारीचं नाटक सुरू व्हायची वेळ झाली तरी कुणी हलेना. आईसुद्धा हसली, आणि मग तुमच्या वाटचं ताट झाकून ठेवताना पुन्हा रडली.

हे सगळं मुन्नानं मोबाइलवरून थेट दाखवलं आणि पुण्यात आमच्या गाइड मॅडमनी पाहिलं. त्या रविवारी स्वतः येणार आहेत. त्यांना अंतिम सामना बघायचा आहे, आणि त्यांचा पहिला प्रश्न होता की उठून गेलेल्या त्या प्रेक्षकाची नेमकी तक्रार काय होती. मी म्हटलं, मॅडम, तक्रार काही नाही, ते आमचे भाऊजी आहेत. त्यांना ते उत्तर पुरेसं वाटलं नाही. पुणेकरांना ते वाटायचंही नाही.

तर रविवारी सोफा नाही, रांगा नाहीत. जाजम आहे. थोरांना नमस्कार, धाब्यावरच्या मंडळींना रामराम. प्रकृतीस (सगळ्या प्रकृतीस, फक्त कंबरेस नव्हे) जपावे.

आपला,
विवेक

ता. क. – वर ज्या आणखी दोन योजना लिहिल्या आहेत, त्यांतली पहिली म्हणजे बाबांना कोहमाऱ्याला पाठवून तुम्हाला आणणं, आणि दुसरी म्हणजे आईला पाठवून तुम्हाला आणणं. कृपया आपणहून या.

ता. क. २ – शामकला ताईनं मला शपथ घातली होती, ती आता मोडतो. तुम्हाला तिसऱ्या रांगेत मी बसवलं नाही, तिनं बसवलं. दिवसभर धाब्यावर उभं राहून तुमची कंबर धरते हे तुम्ही संघातल्या पोरांपासून लपवता, म्हणून तिला ते चारचौघांत बोलायचं नव्हतं. कुणी मानानं त्या सोफ्यात बसवलं आणि तुम्ही बुडालात तर उठताना गाव बघेल, म्हणून तिनं हेडमास्तरांच्या घरून ती सरळ पाठीची खुर्ची स्वतः डोक्यावरून आणली. खुर्ची उंच होती, पुढं ठेवली तर मागच्यांना दिसत नव्हतं, म्हणून ती तिसऱ्या रांगेत गेली. ती खुर्ची तिनं अजून परत केलेली नाही. रविवारी जाजमाच्या अगदी मधोमध ठेवतो. ज्याला दिसणार नाही त्यानं उभं राहावं.

ता. क. ३ – एसटीच्या कंडक्टरबरोबर पत्रासोबत जो डबा येतोय, त्यातले बांधातले मासे मी रांधून पाठवलेत. ताईनं असंच लिहायला सांगितलंय. मला चहासुद्धा करता येत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. डबा कंडक्टरकडे परत देऊ नका. ती म्हणते, तो ज्यानं रिकामा केला त्यानं स्वतः आणून द्यावा.