पाचपैकी दोन

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनींचा गुडघा आता बरा असेल. इकडे सगळं ठीक; माझा चष्मा तेवढा जाड झालाय आणि जीभ पूर्वीइतकीच तिखट आहे. तीन वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून आधी पाकीट उलटसुलट करून बघितलं असशील.

ऑफिसचं काम तेच, कुठलं प्रशिक्षण लोकांना कितपत लागू पडलं ते तपासायचं. इतकी वर्षं आम्ही शेवटच्या दिवशी, सगळे घरी जायच्या घाईत असताना, फॉर्म वाटायचो. जो मास्तर हसवायचा त्याला पाचपैकी पाच. यंदा पहिल्यांदाच शिकलेल्यांच्या कामावर जाऊन बघायचं ठरलं. माझ्या वाट्याला लिफ्ट दुरुस्तीवाले आले. तुझ्या वर्गात शिकलेले आणि दुसऱ्या मास्तरांचेही.

परवा एका इमारतीत लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडली होती. दुसऱ्या तुकड्यांतले बहुतेक जण अशा वेळी सरळ कंपनीला फोन लावतात. तिथली मेकॅनिक बाई मात्र तुझ्या वर्गातली; ती पालथ्या बादलीवर बसली, तासभर एकेक तार तपासत गेली आणि दाराच्या स्विचमधली धूळ शोधून काढली.

"हे कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"सरांनी. म्हणजे ते काही सांगायचेच नाहीत हो. विचारलं की हात मागे बांधून उभे. इतका राग यायचा! मी तर फॉर्मवर तसं लिहून आले होते."

मला आपली बंद पडलेली इस्त्री आठवली. मी नऊ वर्षांची, हातात स्क्रू ड्रायव्हर, आणि तू समोर असाच गप्प. आई आतून म्हणत होती, "अरे, सांगून टाक ना तिला, रडकुंडीला आलीय पोरगी." तू ढिम्म. संध्याकाळी तुटलेली तार मीच शोधली. मग घरातले रुमालसुद्धा इस्त्रीतून सुटले नाहीत. तसा आनंद पुढे फारसा मिळाला नाही, दादा. त्या घराची, त्या लांबलचक दुपारींची फार आठवण येते.

म्हणून आता खरं सांगते. तीन वर्षांपूर्वी तुझ्या वर्गाच्या वीस फॉर्मवर 'सर सांगत नाहीत' हे वाचलं, तेव्हाच मला त्याचा अर्थ कळला होता. त्या ऑफिसात तो कळणारी मी एकटीच होते. तरी मी सरासरी काढली, पाचपैकी दोन लिहिले आणि सही केली. भावाची तळी उचलते असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी. तुझा वर्ग बंद झाला. तू विचारलंस तेव्हा 'आकडे तसे आलेत' म्हणून मी फोन ठेवला. आकडे तसेच आले होते, खोटी मी होते.

नवा अहवाल सोबत जोडलाय. आधीचा शेरा चुकीचा होता आणि हे मला तेव्हाच ठाऊक होतं, असं त्यात लिहून काल साहेबांना दिलं. माझी नोकरी राहील की नाही, सांगता येत नाही. वर्ग पुन्हा सुरू करायचं चाललंय, तुला बोलावणं येईल. तू नाही म्हणालास तरी अहवाल तसाच राहील.

माफी मागायला मी आधीच यायला हवं होतं. धीर झाला नाही. रविवारी सकाळी येते. वहिनी दार उघडतीलच, त्यांचा स्वभाव मला माहीत आहे. पण या वेळी ते तू उघडावंस.

तुझी अपराधी,
धाकटी