प्रयागबाईचा नातू त्याच झोळीत

इंदापूर, मार्च १९९७

आई, तुला आणि बुद्धघोषला रश्मीचा जयभीम. मी खुशाल हाय. उपकेंद्रात नर्सबाई म्हणून समदी मान देत्यात, घोर करू नको.

प्रयागबाई आठवती का? आपल्या गावात पोरांची वजनं करायची, पण आपल्या वस्तीतली पोरं काट्याच्या झोळीत कधी घेतली न्हाईत. लांबूनच बघून म्हणायची, "बरं हाय." आपला धाकटा बुद्धघोष सुकत गेला, तरी "बरं हाय."

तिची लेक हितं दिलीय, आता ती लेकीकडंच ऱ्हाती. काल नातवाला घेऊन प्रयागबाई माझ्याच दारात आली. मी आधी बौद्धवाड्यातलं पोरगं झोळीत घातलं, मग त्याच झोळीत तिचा नातू मागितला.

"सिस्टर, झोळी बदला की."

"का? लांबूनच बघून सांगू? बरं हाय?"

तवा तिनं मला वळखलं. गुमान नातू पुढं केला.

पोरगं लई कमी भरलं. आता दर महिन्याला तिला आपल्या बायांच्या मागं रांगेत बसावं लागंल.

पोलीस भरतीतनं उंचीपायी माघारी आल्यापासनं बुद्धघोष नीट जेवतो का गं?

त्याला सांग, हे पोरगं मी खुरटू देणार न्हाय. ताडमाड वाढवीन. नातवाकडं मान वर करून बघताना तिला दरवेळी आपला बुद्धघोष दिसला पायजे.

तुझी लेक,
रश्मी