सुलाकाकूंचं कुलूप

भोर, रविवार, १७ ऑगस्ट २००३

एसटी स्टँडजवळ किल्ल्या बनवणाऱ्या रशीदचाचांकडे तीन महिने शिकतोय, निव्वळ हौस म्हणून. आजवर फक्त स्वतःचीच जुनी कुलपं उघडली होती. दुपारी शेजारच्या सुलाकाकू मार्गासनीहून परतल्या, तर घराची किल्ली एसटीतच राहिलेली. मी तार घालून पाच मिनिटांत कुलूप उघडलं. केवढा आनंद झाला मला! काकूंचा चेहरा मात्र उतरला.

"इतकं सोपं असतंय व्हय?" एवढंच म्हणाल्या.

काका गेल्यापासून त्या घरात एकट्या झोपतात. हे मला माहीत नव्हतं का? मग त्यांच्यासमोर एवढं मिरवलं कशाला? इतकं सोपं... तेच डोक्यात घोळत राहिलं. चाचांना जाऊन सांगितलं. हातातली कानस खाली ठेवून ते म्हणाले, "आधी त्यांच्या दाराला आतनं अडसर बसव. शिकणं मग."

संध्याकाळी बसवला. मी पायरीवर असतानाच काकूंनी दार लावून घेतलं.

"आता उघड बरं."

मी खांद्यानं रेटलं. "न्हाई उघडत, काकू."

"अजून जोर लाव."

तीनदा रेटायला लावलं, तेव्हा कुठं मला चहाला आत घेतलं.