त्रेचाळीस मिनिटांची रेकॉर्ड

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. संकल्प तीन. रोज वलवण धरणापर्यंत चालणे. वडापाव बंद. बबिताला फोन करायचा नाही, तिने करायचा.
बबिता आठ दिवसांसाठी देहूरोडला आमच्या लेकीकडे, प्रतीक्षाकडे गेली आहे. नोव्हेंबरात. मी मनाला लावून घेतलेलं नाही. दुधाच्या पिशव्या दोनच चालू ठेवल्यात. आली की धावपळ नको.

३ फेब्रुवारी
थंडी. चालणं उद्यापासून. दही फार झालंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार
मोठी बातमी! ‘मिलपाँड’ या बँडचा ‘विंटर ऑर्चर्ड’, १९७१ सालचा, सीडीवर पुन्हा निघाला. इंग्लंडातल्या कुठल्याशा छोट्या कंपनीने काढलाय. चोपन्न वर्षं जगाने दुर्लक्ष केलं, मी केलं नाही. म्हणजे जग आणि मी यात बरोबर कोण, ते ठरलं. लगेच ऑर्डर केली.
जावई आकाश फोनवर म्हणाला, पप्पा, मोबाईलवर असेल, शोधून देतो. मी स्पष्ट नको म्हटलं. चाळीस वर्षं जे रेकॉर्डवर ऐकलं ते मोबाईलवर ऐकायचं? आधी सीडी, तीही नीट बसून.
पार्श्वभूमी, पुढे विसरायला नको म्हणून: १९८२. देहूरोडच्या डेपोत मी स्टोअरकीपर. एका मेजरसाहेबांची बदली झाली, त्यांनी घरातलं सामान विकायला काढलं. रेकॉर्ड प्लेअर आणि ही एकच एलपी मी उचलली. कव्हर नव्हतं, खाकी कागदात होती. प्लेअरचा पट्टा तुटलेला. मी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बसवली. चाळीस वर्षं चालली. मी इंजिनिअर नसताना.
लोणावळ्याला शिफ्ट होताना एलपी तडकली. टेम्पोवाल्याची चूक. वर डंबेल्स मी ठेवले होते, पण टेम्पो त्याने हलवला.

९ फेब्रुवारी, रविवार
सॉफ्ट रॉक म्हणजे काय ते अख्ख्या देहूरोडमध्ये मला एकट्याला कळलं. किती संथ, किती जड! आणि गाणारा तो माणूस. खर्जातला आवाज, एकेक शब्द पाठीवरून पोतं उतरवावं तसा खाली ठेवतो. नाव माहीत नाही, पण मी त्याला ओळखतो. एकटा असणार. मिशा असणार. मी मिशा वाढवल्या त्या त्याच्यामुळेच. दोन्ही बाजू मिळून त्रेचाळीस मिनिटं, घड्याळ लावून मोजलेली.
लग्नानंतर बबिताने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाली, बाई गातीय ना ही? मी डेपोत सगळ्यांना सांगितलं. पुढे कोणीही घरी आलं की मी रेकॉर्ड लावायचो आणि म्हणायचो, आमच्या हिला ही बाई वाटते. सगळे हसायचे. ती चहा करायला आत जायची. घरात एकूण खेळकर वातावरण होतं.

१४ फेब्रुवारी
प्लॅन पक्का. सीडी आली की श्रवणसंध्या. बाल्कनीत दोन खुर्च्या, चहा, चिक्की, आणि त्रेचाळीस मिनिटं कोणी बोलायचं नाही. बबिता त्यासाठी येईलच. आली की राहील.
तिला हे घर आवडतं. निवृत्तीनंतर सरप्राईज म्हणून घेतलं, सह्या झाल्यावर सांगितलं. तिचं मन देहूरोडमध्ये होतं. तिथलं विहार, मैत्रीण झुंबरबाई, त्यांचा गाण्याचा ग्रुप. मी म्हटलं, इथे शांतता आहे. सहा महिने राहून ती म्हणाली, व्हय, शांतताच आहे. म्हणजे एकमत झालं.

२१ फेब्रुवारी
शेजारच्या बंगल्याचे राखणदार गेणूभाऊ रोज सकाळी दूध आणून देतात. टाकव्याच्या वरच्या वाडीचे. रोज विचारतात, सायेब, बाई कवा येनार? मी म्हणतो, आठवड्यात. आज म्हणाले, तुमचा आठवडा लय लांबडा. माणूस चांगला आहे, पण हिशेबात कच्चा.
बबिताला फोन केला. संकल्प मोडला असं नाही. सीडीची माहिती द्यायची होती. ती म्हणाली, बरं. मागे कोणीतरी पेटी वाजवत होतं.

११ मार्च, मंगळवार
सीडी आली!! कस्टममध्ये अडकली होती. आत पुस्तिका, फोटो. दाढीवाले तीन तरुण, मध्ये एक उंच बाई. कोणाची तरी बायको असणार, फोटोत बायकांना मध्ये उभं करतातच. बारीक अक्षरातलं वाचलं नाही. या अल्बमबद्दल मला कोणी काय सांगणार?
एक गंभीर बाब. मागे वेळ छापलीय पस्तीस मिनिटं बारा सेकंद. आठ मिनिटं कापली! कंपनीला कडक ईमेल लिहायला घेतला.
दुपारी लक्षात आलं की घरात सीडी वाजवायला काही नाही. एक प्लेअर होता, बबिताचा. एकदा तिने भीमगीतांची एलपी आणली होती, माझ्या प्लेअरवर लावली तर गाणी रडकी वाजली. मी म्हटलं, रेकॉर्डच तशी असेल. मग तिने स्वतःचा सीडी प्लेअर घेतला, स्वयंपाकघरात ठेवायची. तो कपाटात नाही, माळ्यावर नाही. नोव्हेंबरात बरोबर नेलाय.
विचार केला. प्लेअर या घराचा. म्हणजे परत आणावा लागणार. तो एकटा तर येणार नाही, तिच्याबरोबरच येणार. उलट बरंच झालं.

१६ मार्च, रविवार
बाजारात निलेशच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सीडी प्लेअर विचारला. त्याने आतून भावाला बोलावून मला पुन्हा विचारायला लावलं. दोघेही माझ्याकडे प्रेमाने बघत होते. येताना वडापाव. दोन. निराशेतला वडापाव संकल्पात धरत नाही.

२३ मार्च, रविवार
देहूरोडला गेलो. लोकलने. सीडी शर्टाच्या आत, पोटाशी. प्रतीक्षाच्या हॉलमध्ये भीमजयंतीच्या गाण्यांची प्रॅक्टिस चालू, सात-आठ बायका, पेटीवर बबिता. बबिता पेटी वाजवते! म्हणे तीन वर्षं शिकायचं होतं, लोणावळ्यात शिकवणारं कोणी नव्हतं. मला बोलली नव्हती. प्रतीक्षा म्हणाली, बोलली होती पप्पा.
मी थोडक्यात प्रस्तावना केली, वीसेक मिनिटं. तो माणूस, त्याचा एकटेपणा, त्याचा खर्ज. झुंबरबाई म्हणाल्या, भावजी, लावा की आता. लावली.
बाई गात होती.
स्वच्छ, मोकळ्या गळ्याची बाई. आणि गाणी कशी, चालत निघाल्यासारखी. दुसऱ्या गाण्याला बायकांनी ठेकाच धरला. झुंबरबाई म्हणाल्या, मानूस कुटं आहे ह्यात? पुढच्या बाजूला आहे का? सगळ्या हसल्या. मी बबिताकडे बघितलं. ती हसली नाही. उठली आणि चहा करायला आत गेली.
चहा घेतला. सीडी घेतली. चार चाळीसची लोकल.

२४ मार्च
कंपनीला ईमेल पाठवला. तुम्ही रेकॉर्ड वेगात पळवलीय, आठ मिनिटं खाल्लीत आणि मूळ गायकाच्या जागी बाई घातलीय. सात दिवसांत खुलासा करावा.

२ एप्रिल, बुधवार
खुलासा नाही. घाबरले असावेत.
पुरावा हवा म्हणून जुना प्लेअर काढला. तबकडीवर कागदाचा कपटा चिकटवला, घड्याळ लावलं, फेरे मोजले. मिनिटाला तेहतीसच्या थोडे वर हवेत. सत्तावीस आले. लाईटचा दाब कमी असेल. पंखा बंद करून मोजले. सत्तावीस. फ्रिज बंद करून मोजले. सत्तावीस.
ट्यूबची पट्टी काढून बघितली. सैल. मी कापली तेव्हापासूनच सैल असणार. तिच्यामुळे सगळं रेंगाळत होतं. बाईचा आवाज खाली जाऊन पुरुषाचा झाला. चाळीस वर्षं ज्याला माझं दुःख कळत होतं तो माणूस मीच तयार केला, सायकलच्या ट्यूबपासून.
फ्रिज चालू करायचा राहिला. दूध नासलं, दोन्ही पिशव्या.

५ एप्रिल
चष्मा लावून बारीक अक्षर वाचलं. गायिका म्हणून त्या उंच बाईचं नाव आहे. तेव्हा तेवीस वर्षांची. बबिता लग्न होऊन आली तेव्हा बावीसची होती. मिशांबद्दल निर्णय नंतर.

७ एप्रिल, सोमवार
फोन केला. म्हटलं, तू बरोबर होतीस. तिने विचारलं, कशाबद्दल? म्हटलं, बाई गातीय याबद्दल. ती म्हणाली, एवढंच का?
मी म्हटलं, सध्या एवढंच, आणखी काही असेल तर लिहून पाठव, बघतो. ती म्हणाली, प्रॅक्टिस आहे, ठेवते.
एकंदर संभाषण सकारात्मक. ती येईल असं वाटतं. खुर्च्या पुसून ठेवल्या.

१३ एप्रिल, रविवार
आकाश गाडी घेऊन आला. मी दोन कप चहा टाकला, मग तिसरा वाढवला, पण गाडीत तो एकटाच होता. बबिताचा सीडी प्लेअर घेऊन आला. म्हणाला, आईंना आम्ही फोनवर चालणारा स्पीकर घेतलाय, हा तुम्हाला राहू द्या म्हणाल्या. तुम्हाला ऐकायचं असतं ना.
जाताना तिच्या साड्यांची ट्रंक नेली, आणि शोकेसमधली बुद्धमूर्ती. उद्या जयंतीला लागणार म्हणाला. विहारात मूर्ती आहे, चांगली माझ्या उंचीची. मी ट्रंक उचलायला हात लावला.

१५ एप्रिल, मंगळवार. सकाळी ६.५०
काल गेलो नाही. बोलावणं आलं की जायचं असं ठरवलं होतं. जयंतीचं कोणी कोणाला बोलावणं करतं का, हे संध्याकाळी सुचलं.
आज लवकर उठून सीडी लावली. बाल्कनीचं दार उघडं. एका खुर्चीवर मी, दुसरीवर प्लेअर, वायर तिथपर्यंतच पोचते. बाई छान गाते. खरंच छान गाते. मी चाळीस वर्षं तिला ऐकलंच नव्हतं.
तिसऱ्या गाण्याला गेणूभाऊ कुंपणापाशी थांबले, हातात दूध. चेहरा खुललेला. म्हणाले, बाई आल्या व्हय सायेब? आवाज आला म्हून इचारलं.
मी म्हटलं, नाही, सीडी आहे.
ते बरं म्हणाले. पिशव्या फाटकावर ठेवल्या, तरी उभेच. मग खाली बघत विचारलं, उद्यापासून किती आनू?
एकच आणा, म्हटलं.