पान दोनशे बारा

टोलेडो, ओहायो
११ जुलै २०००

प्रिय मर्ल यास (‘प्रिय’ खटकलं तर खोडून टाक, मुद्दाम पेन्सिलीनं लिहिलंय),

हॉलिसचा नमस्कार, टोपी काढून आणि मान खाली घालून. तुझे गुडघे कसे आहेत? सगळा जन्म बेसबॉलच्या मैदानात फलंदाजामागे उकिडवं बसून काढलेल्या माणसाला प्रकृती विचारायची म्हणजे आधी गुडघ्यांचीच विचारायला हवी. ट्रॅक्टरचं दुकान मुलीकडे सोपवलंस असं कानावर आलं, बरं केलंस. इडेलावहिनींनाही माझा नमस्कार सांग. माझी याआधीची तिन्ही पत्रं ‘घेण्यास नकार’ असं लिहून परत आली, आणि ते गोल गोल अक्षर वहिनींचं आहे हे मी लगेच ओळखलं. लग्नाची पत्रिका त्यांनीच लिहिली होती ना! माझा त्यांच्यावर राग नाही. मीही माझं पत्र घरात घेतलं नसतं. पण या वेळी डावा हात प्लॅस्टरमध्ये आहे, पत्ता उजव्या हातानं लिहिलाय, आणि हे कोंबडीचे पाय कुणाचे हे देवालाही कळायचं नाही. म्हणजे तू हे वाचतोयस. निदान इथपर्यंत तरी वाचलंस.

आता कामाचं लिहितो, नाहीतर तू म्हणशील, याची जित्याची खोड जात नाही, दोन चेंडूंच्या मध्ये हा दहा मिनिटं टोपीच नीट करत बसतो. ‘टॉवेल ओला आहे’ या माझ्या पुस्तकाला यंदा तीस वर्षं झाली. (तू ते शेकोटीत टाकलंस असं ऐकलं होतं. मग दुसरी प्रत घेऊन तीही टाकलीस असंही ऐकलं. विक्रीला हातभार लावल्याबद्दल आभारी आहे.) प्रकाशकाला नवी आवृत्ती काढायची आहे आणि तिला एका पानाची प्रस्तावना हवी आहे. मी रोज सकाळी कागद घेऊन बसतो आणि रोज दुपारी पेन्सिलीला टोक करून उठतो. कारण तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आजवर मला वाटत होतं की तिसऱ्या कुणालाच माहीत नाही. कारण आहे पान दोनशे बारा. त्या पानाचं काय करायचं हे तुझ्याशी बोलल्याशिवाय मला ठरवता येत नाही, आणि तू तर माझ्याशी तीस वर्षं बोललेला नाहीस. असा हा पेच आहे.

त्या पुस्तकानं माझं नाव केलं आणि माझी माणसं नेली, हे काही नवीन नाही. आपले मॅनेजर टोपीखाली केसांचा टोप घालायचे आणि वारा आला की टोपी दोन्ही हातांनी धरायचे, हे मी छापलं. कोण गोळ्या खाऊन मैदानात उतरतो, कोण कुणाच्या बायकोला काय म्हणाला, सगळं छापलं. कपडे बदलायच्या खोलीतलं बोलणं त्या खोलीतच ठेवायचं असतं, हा आपला पहिला नियम. तो मी मोडला, आणि खरं म्हणून मोडला, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पण लोकांचं प्रेम बघ! तीस वर्षं पत्रं येताहेत. बसचालक लिहितात, तुरुंगातून लिहितात, एका जोगिणीनं मठातून लिहिलं की अमुक अमुक पान ती दर वर्षी वाचते (मी ते पान काढून बघितलं आणि माझे कान लाल झाले). गेल्या वर्षी दात काढायला गेलो तर डॉक्टर माझ्या तोंडात चिमटा घालून म्हणाला, “साहेब, तुमच्याइतकं खरं मला आयुष्यात कुणी सांगितलं नाही.” मला उत्तर देता येत नव्हतं, तेच बरं झालं.

आणि आपल्या संघाचा दर ऑगस्टला मेळावा होतो, तिथलं आमंत्रण मला नाही. मॅनेजर गेले तेव्हा मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर जाऊन बसलो, तर त्या बाकावरचे तिघे उठून पुढे गेले. तुमची वहिनी, माझी कोरीन, गेली त्याला या मार्चमध्ये सहा वर्षं झाली. वाचकांची सांत्वनाची दोनशे अकरा पत्रं आली, मी मोजली, कारण दुसरं काही काम नव्हतं. संघातल्या एकाचंही नव्हतं. तुमच्यापर्यंत बातमी पोचली नसेल असं मी धरून चाललोय. मर्ल, मी एकटा पडलोय रे. अनोळखी माणसं गळ्यात पडतात, फोटो काढतात, आणि मग गाडीत बसून आपापल्या घरी जातात. मी हॉटेलात येऊन सूप मागवतो आणि वाढणाऱ्या बाईला उगाच विचारतो की आज भाज्या कुठल्या कुठल्या घातल्यात. ती सांगते बिचारी, गाजरापासून.

तर गेल्या महिन्यात आयोवातल्या एका गावच्या वाचनालयात माझं बोलणं होतं. खुर्च्या चाळीस, माणसं त्रेचाळीस, लिंबाच्या वड्या, पातळ कॉफी. मी माझे ठरलेले किस्से सांगितले, लोक ठरलेल्या जागी हसले. मग मागून एक बाई उठल्या. सत्तरीच्या, ताठ, हातात पुस्तकाची पहिली आवृत्ती, तिला रबर लावलेलं. नाव आर्डिस लुंडीन. म्हणाल्या, “माझा नवरा ऑर्व्हिल नोव्हेंबरात गेला. शाळेच्या संघात कॅचर होता, फलंदाजामागे बसून चेंडू झेलायचा. या पुस्तकावरून आम्ही बावीस वर्षं भांडलो. मी तुमच्या बाजूनं. तेवढं एकदा सांगून टाका म्हणजे झालं.” आणि त्यांनी पान दोनशे बारा उघडून माझ्यापुढे धरलं.

समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘तिसऱ्या बेसवर माणूस उभा असताना कुठलाही शहाणा कॅचर वळणारा चेंडू मागत नाही. तो मातीत आपटून मागे गेला की माणूस घरी पोचलाच, धाव झालीच. मर्ल काडलेक मूर्ख नव्हता. हा लिहिणारा गडी इथं खोटं बोलतोय.’ खाली दोन रेघा.

मर्ल, तीस वर्षांत लाखभर लोकांनी ते पान वाचलं. वर्तमानपत्रवाल्यांनी वाचलं, प्राध्यापकांनी वाचलं. ओळखलं ते आयोवातल्या एका शाळेच्या कॅचरनं! त्रेचाळीस माणसं माझ्याकडे बघत होती, जगातल्या सर्वांत खऱ्या माणसाकडे. आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “नाही बाई, तुमच्या यजमानांची चूक झाली.” टाळ्या पडल्या. आर्डिसबाईंनी पुस्तकाला रबर लावलं आणि एक वडी खाऊन निघून गेल्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडा पाषाण. एका मेलेल्या माणसाला मी लिंबाच्या वड्यांच्या साक्षीनं खोटं पाडलं.

सकाळी न्याहारी सोडून वाचनालयातून पत्ता काढला आणि पस्तीस मैल मक्याच्या शेतांमधून गाडी हाकत त्यांच्या दारात गेलो. काल काय बोलायला हवं होतं ते पायरीवर उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वाटलं, बाई रडतील किंवा दार लावतील. त्या म्हणाल्या, “म्हणजे पैज तो जिंकला होता.” पैज काय, तर जो चुकेल त्यानं वर्षातून दोनदा छपराच्या पन्हळी साफ करायच्या. छापलंय म्हणजे खरंच असणार, असं म्हणून बाईंनी ऑर्व्हिलला बावीस वर्षं शिडीवर चढवलं होतं. तो प्रत्येक वेळी वरून ओरडायचा म्हणे, “तो खोटारडा आहे, आर्डिस!” आणि या खालून म्हणायच्या, “पानं नीट काढ!” हे सांगताना त्या हसायला लागल्या, मग हसता हसता पदरात तोंड खुपसावं तसं त्यांनी एप्रनमध्ये तोंड खुपसलं. मी विचारलं, “शिडी कुठे आहे?”

तर असा मी, वय एकसष्ट, अमेरिकेतला खरं बोलण्याबद्दल प्रसिद्ध असलेला लेखक, एका परक्या बाईच्या छपरावर दुपारभर कुजलेली पानं उपसत होतो. खालून सूचना चालूच होत्या. (“तिकडे कोपऱ्यात राहिलं! ऑर्व्हिल कोपरा कधी सोडायचा नाही!”) बारा फुटांवरून शिडी सरकली आणि मी गुलाबाच्या ताटव्यात आलो. डावं मनगट मोडलं. तेच, ज्यानं तो चेंडू टाकला होता. बाईंनीच इस्पितळात नेलं, आणि वाटेत एवढंच म्हणाल्या, “ऑर्व्हिलला मी आता सांगू शकत नाही. तुमचा कॅचर आहे ना अजून?”

आहे. म्हणून हे पत्र. आता पेन्सिल नीट धरून लिहितो. अडुसष्ट सालचा शेवटचा सामना, शेवटचा डाव, बरोबरीत, दोन गडी बाद, तिसऱ्या बेसवर त्यांचा माणूस. तू एक बोट दाखवलंस, म्हणजे सरळ आणि वेगात टाक. मी नाही म्हणून मान हलवली. तू पुन्हा एक बोट दाखवलंस. मी पुन्हा मान हलवली. तू उठून माझ्यापर्यंत चालत आलास, तोंडावर ग्लव्ह धरून काहीतरी बोललास आणि परत जाऊन दोन बोटं दाखवलीस, कारण मी दुसरं काही टाकणारच नव्हतो. मी वळणारा चेंडू टाकला, तो मातीत आपटला, तुझ्या गुडघ्याखालून गेला आणि आपलं वर्ष संपलं. पुस्तकात मी लिहिलं की तूच आलास आणि म्हणालास, “वळवून टाक, मी अडवतो.” तेवढं एक वाक्य मी बनवलं. इतरांचं सगळं खरं लिहून झालं होतं, आणि स्वतःच्या पाळीला माझी हिंमत गेली. खेळणं संपल्यावर तुला कुठल्या संघानं प्रशिक्षक म्हणून ठेवलं नाही ते त्या वाक्यामुळे. तिसऱ्या बेसवर माणूस असताना वळणारा चेंडू मागणारा कॅचर कुणाला हवा असतो? तू ट्रॅक्टर विकलेस आणि कधी एका अक्षरानं वर्तमानपत्रात सांगितलं नाहीस की तो हॉलिस खोटारडा आहे. मी वाट बघत होतो मर्ल. तू ओरडला असतास तर मला सोपं गेलं असतं.

प्रस्तावनेत हे सगळं लिहायचं म्हणतो, पण तुझी परवानगी असेल तरच. जखम उकरू नकोस असं म्हणालास तर गप्प बसेन. गुडघ्यांना जप. वहिनींच्या हाती हे पत्र आधी लागलं असेल तर त्यांनाही सांगतो, वहिनी, माझं चुकलं.

तुझा (हेही हवं तर खोड)
हॉलिस

ता. क. शिडीवरून पडलो हे खोटं आहे. सवय जात नाही बघ. पन्हळी साफ करून मी सुखरूप खाली उतरलो, ऐटीत हात झाडले आणि कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्यात पाय घालून आडवा झालो; मनगट मोडलं ते तिथे. गुलाबही नव्हते. बाकी सगळं खरं आहे, आर्डिसबाईंना पत्र टाकून विचारून घे.

ता. क. २. परवानगीचंही खोटंच. प्रस्तावना गेल्या गुरुवारी टपालात टाकली. तू नको म्हणाला असतास तर ती मागे घ्यायला मला आनंद झाला असता, आणि त्या आनंदाचीच मला भीती वाटली. तेव्हा नाही म्हणायचे कष्ट घेऊ नकोस.

ता. क. ३. खरं मागणं हे आहे. त्या वर्षी माझ्या मागच्या खिशात कायम वही असायची. कोण काय बोललं ते सामना संपला की मी शब्दन् शब्द उतरवून काढायचो. त्या दिवसाच्या पानावर सगळ्यांचं बोलणं आहे, मॅनेजरचं, पंचांचं, शेंगदाणे विकणाऱ्याचंसुद्धा. तुझं नाही. तू समोर उभा राहून बोलत होतास आणि मी तुझ्या खांद्यावरून फलंदाजाकडे बघत होतो. मी मान डोलावली, पण ऐकलं काहीच नव्हतं. खोटं वाक्य तरी मी का बनवलं? खरं माझ्याकडे नव्हतंच म्हणून. क्षमा वगैरे नंतर बघू, नाही केलीस तरी चालेल. एका ओळीचं कार्ड टाक. शिवी दिली असशील तर शिवीच लिही, जशीच्या तशी.

काय म्हणाला होतास रे?