गिरकीवरचा हक्क

१४ मार्च

चि. बुटकीस,

अनेक आशीर्वाद. द्यायची इच्छा नव्हती, पण मोठेपण निभावावं लागतं. आम्ही सगळे ठीक. तुझ्या भाऊजींचा खोकला गेला, आता बोलणं वाढलंय. फोनवर तू लगेच रडतेस आणि माझं बोलणं राहून जातं, म्हणून लिहितेय.

परवा एका गिऱ्हाईक बाईंनी विचारलं, "ताई, दुसरं दुकान उघडलंत का? तिकडे स्वस्त मिळतंय." त्यांनी पाठवलेलं त्या दुकानाचं पान मोबाइलवर उघडलं. त्यावर लिहिलेलं: एक कानातलं हरवलं? उरलेल्याचा फोटो पाठवा, हुबेहूब जोडीदार घरपोच मिळेल. ही कल्पना माझी. लोक मला हसायचे तेव्हापासूनची. दुकान कुणाचं ते कुठे लिहिलं नव्हतं, पण खाली होतं, "गिरकीसह". कानातल्याच्या मागच्या फिरकीला गिरकी म्हणणारं जगात एकच घर आहे, आपलं. माझ्याच टेबलाशी बसून शिकलीस आणि माझ्याच पानावरची वाक्यं जशीच्या तशी, चुकांसकट उचललीस. चोरी करावी, पण निदान शुद्धलेखन तरी तपासावं.

वकीलबाई म्हणाल्या, कल्पनेला कुलूप लावता येत नाही. नाव, फोटो आणि मजकूर तेवढा आपला. मजकूर चोरल्याची तक्रार त्या साइटकडे करा, ते दुकान बंद करतील. लगेच तक्रार लिहायला बसले. साइटच्या फॉर्मवर विचारलं होतं, हा मजकूर मुळात तुमचाच आहे का? "हो"वर बोट नेलं आणि आठवलं, गिरकी हा शब्द तुझा. बोबडी होतीस तेव्हाचा. बोट तिथेच अडलं, आणि राग आणखीच वाढला.

खरं सांगू? दुकानाचं मी गिळलं असतं. गिऱ्हाइकं दोघींना पुरतील. पण काल आईकडे गेले, तर तिच्या कानात ती जुनी मोत्यांची कानातली. मधे एक हरवलं होतं म्हणे. मला पत्ताच नाही. म्हणाली, "धाकटीने करून दिलं. तुला कशाला त्रास, तुझा व्याप मोठा." नुसता जळफळाट झाला माझा. साऱ्या जगाच्या जोड्या मी जुळवते, आणि माझ्या आईने सांगितलं कुणाला, तर तुला.

तक्रार पाठवलेली नाही, पाठवणारही नाही. माझी वाक्यं काढ, स्वतःची लिही. गिरकी राहू दे. आईचे कान मात्र माझे.

काल आई आंघोळीला गेली तेव्हा कानातली आरशापाशी होती. त्यातलं एक मी पर्समध्ये घालून आणलंय. तू केलेलंच उचलायचं होतं. खिडकीशी नेऊन, उलटंसुलटं करून पाहिलं, तरी जुनं कोणतं नि तुझं कोणतं ते कळेना. शेवटी अंदाजाने एक घेतलं.

आता ती तुलाच फोन करील. तिला एवढंच सांग, "मला नाही जमणार, ताईला विचार."

खोटं आहे, मला ठाऊक आहे. तरी सांग.

तुझी,
जळकी ताई